ताईचा सायकल ट्रेनर, पार्ले: दुरुस्तीच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

आज गोरेगावहून पार्ल्याला ताईकडे गेलो होतो, तिथलं बघून ठरवलं की हे सगळं लिहून ठेवायचं, नाहीतर काय कधी बदललं ते चार दिवसात विसरायला होतं.

ताईच्या गुडघ्याचं लिगामेंटचं ऑपरेशन डिसेंबरात झालं. त्याआधी ती बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड करायची, २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत, दोनदा केलीय. आता फिजिओने सांगितलंय की रस्त्यावर सायकल नको, घरी ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचं यंत्र) मोजून-मापून चालव. तसाही यंदा पाऊस २६ मेलाच आला त्यामुळे बाहेरचा प्रश्नच मिटला. मार्चपासून ती ५०-६० वॉटवर हळूहळू करत होती, मेच्या मध्यापासून नवीन प्लॅन आहे, ९० वॉटवर वीस मिनिटं आणि त्यात मधेमधे दोन-दोन मिनिटं १४०.

आणि तेव्हापासूनच त्रास सुरू झाला. स्क्रीनवर वॉट मध्येच शून्य होतात, परत येतात. कधीकधी ट्रेनर पूर्णच सुटतो, दहा-पंधरा सेकंदांनी परत जोडला जातो, आणि त्या क्षणी पॅडल एकदम दगडासारखं होतं. ती म्हणाली "अरे, झटका बसतो रे गुडघ्याला, मला भीती वाटायला लागलीय." हे ऐकलं आणि बाकी सगळं बाजूला ठेवलं.

झटका का बसतो ते तिला कागदावर काढून दाखवलं. ईआरजी मोडमध्ये ट्रेनर ठरलेले वॉट धरून ठेवतो, आणि वॉट म्हणजे पायाचा जोर गुणिले फिरण्याचा वेग. ८५ आरपीएमला (पॅडलच्या मिनिटाला ८५ फेऱ्या) १४० वॉट म्हणजे क्रँकवर, पॅडलच्या दांड्यावर, साधारण १६ न्यूटन-मीटर इतका फिरवायचा जोर. ट्रेनर सुटला की पॅडल मोकळं होतं, ती गोंधळून हळू होते, ४५ आरपीएमवर येते, आणि नेमका तेव्हा ट्रेनर परत जोडला जाऊन अ‍ॅप पुन्हा १४० मागतं, म्हणजे आता ३० न्यूटन-मीटर. जवळजवळ दुप्पट जोर, आणि तो एकदम. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला हे चालणारच नाही. म्हणून आजपासून ईआरजी बंद, साध्या लेव्हल मोडवर (ब्रेकची पातळी एकच ठरलेली) चालव, १४० चे तुकडे गिअर बदलून करायचे, असं सांगितलंय जोपर्यंत कारण सापडत नाही तोपर्यंत.

सामान: डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर (सायकलचं मागचं चाक काढून चेन थेट ट्रेनरवर), २०१८ चा, सेकंडहँड घेतलेला, आत इलेक्ट्रोमॅग्नेटचा ब्रेक. विंडोजचा लॅपटॉप, त्याला अँट प्लसचा (सायकलच्या सेन्सरांची बिनतारी पद्धत) डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायचा छोटा रेडिओ, वॉट आणि कंट्रोल दोन्ही त्यावरूनच. ट्रेनर बंद केलेल्या गॅलरीत, लॅपटॉप स्टुलावर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे माझं मला बजावून ठेवतोय.

११ जून, बुधवार

रात्री फोनवरच. ताई म्हणाली आज लेव्हल मोडमध्ये असूनही मध्येच आपोआप जड झाला. हे विचित्र होतं, कारण लेव्हल कोणी बदलल्याशिवाय बदलत नाही. विचारलं घरात अजून कुठे ट्रेनरचं अ‍ॅप आहे का, तर भाची मागून ओरडली "मामा, माझ्या टॅबवर आहे, मागे बघायला टाकलं होतं!"

तर हे होतं. टॅबवरचं अ‍ॅप मागे चालू राहून ब्लूटूथने ट्रेनरला जाऊन चिकटत होतं आणि चिकटल्या चिकटल्या स्वतःची लेव्हल पाठवत होतं. लॅपटॉप अँट प्लसवर, टॅब ब्लूटूथवर, म्हणजे एका स्टिअरिंगला दोन ड्रायव्हर. अँट प्लसचं असं आहे की ट्रेनर आकडे हवेत सोडत असतो आणि कितीही जण ऐकू शकतात, पण हुकूम एकानेच द्यायला हवा. जुन्या ट्रेनरांत ब्लूटूथ तर एका वेळी एकाशीच बोलतं, म्हणून फोनवर "ट्रेनर सापडत नाही" असं दिसलं तर आधी घरातला दुसरा फोन नाहीतर टॅब बघायचा.

टॅबवरून अ‍ॅप काढून टाकलं. आपोआप जड होणं थांबलं. वॉट शून्य होणं आणि पूर्ण सुटणं मात्र तसंच.

१४ जून, शनिवार

आज पूर्ण दुपार पार्ल्यात. फक्त वॉट शून्य होण्याच्या मागे लागलो.

आधी मोजलं. ताई अर्धा तास ८० वॉटवर चालवत होती आणि मी राइडची फाइल नंतर उघडून एक सेकंदापेक्षा मोठे खड्डे, म्हणजे वॉट शून्य झालेल्या जागा मोजल्या, ४१ निघाले.

फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर लावला तर गॅलरीत २३ नेटवर्क दिसली, आजूबाजूला बिल्डिंग खेटून आहेत त्यामुळे ते होणारच. अँट प्लसचे सेन्सर २४५७ मेगाहर्ट्झवर बोलतात, सेकंदाला चार वेळा, आणि ब्लूटूथसारखं ते चॅनल बदलत फिरत नाही, जागा ठरलेली. वायफायचा ११ नंबर चॅनल २४६२ वर मध्य धरून साधारण २४५२ ते २४७२ पर्यंत पसरतो, म्हणजे अँट प्लसची जागा त्याच्या पोटात येते. आणि ताईचा स्वतःचा राउटर ऑटोवर होता आणि जाऊन बसला होता ११ वर. शेजाऱ्यांच्या नेटवर्कांचं मी काही करू शकत नाही पण सगळ्यात जोरात सिग्नल आपल्याच राउटरचा, तो टीव्हीमागे, गॅलरीपासून भिंतीपलीकडे चार फुटांवर. त्याला ऑटोवरून काढून चॅनल १ वर टाकला. टीव्ही युनिट ओढून मागे हात घालावा लागला, रीसेट करताना प्लग काढला तर अडॅप्टर केवढा मोठा, लॅपटॉपच्या अडॅप्टरसारखा. असो.

परत अर्धा तास: ४१ वरून १८.

मग डोंगल. तो लॅपटॉपच्या निळ्या पोर्टमध्ये आणि बाजूच्याच पोर्टमध्ये भावोजींची एक्स्टर्नल हार्ड डिस्क. यूएसबी ३ चा डेटा चालू असला की पोर्ट, केबल आणि डिस्कमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सुटतो, इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर पेपरच काढला होता. डोंगलचा अँटेना नखाएवढा, तो त्या गोंगाटात बसलेला. लॅमिंग्टन रोडवरून परवाच तीन मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल आणली होती, डोंगल तिच्या टोकाला लावून ट्रेनरच्या खाली, ब्रेकपासून वीतभर अंतरावर, टेपने चिकटवला.

परत अर्धा तास, आता ३ खड्डे. ताई घामाघूम झाली होती पण स्क्रीनवरची रेघ सलग बघून खूश. दीड तास पाय चालवत बसली माझ्यासाठी, आणि एकदाही कंटाळली नाही.

जे अजून लिहायचं ते हे की पूर्ण सुटण्याचा प्रकार आज एकदाही झाला नाही. आज सगळं ८० वॉटवर होतं. हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं (ही ओळ नंतर घातली, ५ जुलैला).

१९ जून, गुरुवार

ताईचा मेसेज, आज दोनदा पूर्ण सुटला. फोन करून खोदून विचारलं की नेमकं काय करत होतीस, तर दोन्ही वेळा १४० च्या तुकड्यात, दुसऱ्या मिनिटाला. मागचे आठवून बघ म्हटलं तर म्हणाली हो रे, सोपं चालू असताना कधी सुटल्याचं आठवत नाही.

मला वाटलं फर्मवेअर, म्हणजे ट्रेनरच्या आतलं सॉफ्टवेअर. कंपनीच्या नवीन फर्मवेअरच्या माहितीत कनेक्शन जास्त स्थिर केल्याचं लिहिलंय, शिवाय त्यात एफटीएमएस येतं. एफटीएमएस म्हणजे व्यायामाच्या मशीनसाठी ब्लूटूथचा सगळ्यांसाठी एकच ठरवलेला नियम, २०१७ मध्ये आला, त्याआधी ब्लूटूथवरून ट्रेनर कंट्रोल करायला प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी होती. ताईच्या ट्रेनरवर अजून जुनंच होतं. रविवारी अपडेट करायचं ठरवलं.

२२ जून, रविवार

वाईट दिवस.

अपडेट माझ्या फोनवरून लावलं, ६२ टक्क्यांपर्यंत गेलं, स्क्रीन लॉक झाली, बॅटरी सेव्हर चालू होता, त्याने अ‍ॅपला मागे झोपवलं आणि अपडेट तुटलं. त्यानंतर ट्रेनरचं नावच यादीतून गायब. लॅपटॉपला दिसत नाही, कंपनीच्या अ‍ॅपला दिसत नाही, प्लग काढून परत लावला तरी काही नाही. ताई दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही, आणि ते मला जास्त लागलं.

मग एनआरएफ कनेक्ट उघडलं, नॉर्डिक सेमीकंडक्टर या चिप बनवणाऱ्या कंपनीचं फुकट अ‍ॅप आहे, आजूबाजूचं ब्लूटूथवरचं सगळं जसंच्या तसं दाखवतं. ट्रेनरला फोन टेकवून स्कॅन केलं तर सगळ्यात जोरात सिग्नल "डीएफयूटार्ग" नावाच्या कशाचा तरी. त्याचा ब्लूटूथ पत्ता आपल्या ट्रेनरच्या पत्त्यापेक्षा बरोबर एकने पुढे, जुना पत्ता मी ८ तारखेला वहीत लिहून ठेवला होता म्हणून कळलं. जीव भांड्यात पडला. हे नाव नॉर्डिकच्या चिपचा बूटलोडर दाखवतो, म्हणजे आतली चिप नॉर्डिकची आहे आणि तिचा बूटलोडर जिवंत आहे. बूटलोडर हा वेगळ्या जागी बसलेला छोटा प्रोग्राम असतो, अपडेट अर्धवट राहिलं तरी तो मरत नाही, "मला पूर्ण फर्मवेअर द्या" म्हणून वाट बघत बसतो. कंपनीचं अ‍ॅप जुन्या नावाने शोधतंय म्हणून त्याला दिसत नाही, एवढंच.

पण फर्मवेअरची फाइल माझ्याकडे नाही, ती अ‍ॅपच्या पोटात. सपोर्टला सगळं लिहून मेल टाकला, स्क्रीनशॉट जोडले, सीरियल नंबर दिला. तोपर्यंत ताईला फिजिओकडच्या साध्या सायकलवर जावं लागणार, आठवड्यातून दोनदाच जमेल तिला.

२६ जून, गुरुवार

सपोर्टचं उत्तर आलं, झिप फाइल पाठवलीय. चार दिवस लागले पण फाइल बरोबर मॉडेलची आहे, नाव दोनदा ताडून बघितलं.

२८ जून, शनिवार

यावेळी घाई केली नाही. फोन चार्जरला, स्क्रीन चालू राहील असं सेटिंग, बॅटरी सेव्हर बंद, फ्लाइट मोड लावून फक्त ब्लूटूथ चालू. भाचीला सांगितलं की पंधरा मिनिटं घरात कोणी ब्लूटूथ स्पीकर लावायचा नाही, ती दारात पहारा देत बसली. फोन ट्रेनरपासून फूटभर अंतरावर.

एनआरएफ कनेक्टमध्ये एक सेटिंग आहे, किती पॅकेटनंतर समोरच्याने पोच द्यायची त्याचं. तो आकडा कमी करून ६ केला. आकडा मोठा असेल तर फोन धडाधड पाठवत सुटतो आणि जुन्या चिपला फ्लॅशमध्ये (आतल्या मेमरीत) लिहायला वेळ मिळत नाही, मध्येच अडकतं. पोच वारंवार मागितली की हळू जातं पण खात्रीने जातं. ११ मिनिटं लागली. ६२ टक्के आले तेव्हा मी आणि भाची दोघं श्वास धरून. ६३. मग शंभर, ट्रेनर आपोआप रीस्टार्ट, आणि यादीत जुनं नाव परत. ताईने आतून विचारलं "झालं का रे?" आणि भाचीने उडीच मारली.

दोन गोष्टी लगेच अडल्या त्या लिहून ठेवतो, कारण इथे बरेच जण अपडेट फसलं असं समजून परत करतात. फोनला एफटीएमएसची सेवा, म्हणजे १८२६ नंबरची, दिसेचना. ती नव्हती असं नाही, अँड्रॉइड एकदा जोडलेल्या वस्तूच्या सेवांची यादी लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी जुनीच दाखवतं. ब्लूटूथ बंद-चालू करून यादी नव्याने वाचायला लावली तर आली. दुसरं, लॅपटॉपवर विंडोजच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये भावोजींनी मागे कधीतरी ट्रेनर पेअर करून ठेवला होता. तो तिथून काढला. ट्रेनर विंडोजमध्ये पेअर करायचाच नसतो, सायकलिंगच्या अ‍ॅपमधूनच जोडायचा, नाहीतर तो विंडोजच्या हातात अडकून बसतो.

मग स्पिनडाउन, म्हणजे ट्रेनरचं माप जुळवून घेणं. दहा मिनिटं चालवून ट्रेनर गरम केला, अ‍ॅपने सांगितलेल्या वेगापर्यंत नेऊन पाय सोडले, ट्रेनरच्या आतलं चाक थांबायला किती सेकंद लागतात त्यावरून ते आतलं घर्षण मोजतं. थंड ट्रेनरवर केलं तर आकडा चुकतो.

२९ जून, रविवार

मीच बसलो आज, ताईला बसू दिलं नाही. नवीन फर्मवेअर, एफटीएमएस, ईआरजी चालू. ९० वॉट, सगळं मस्त. १४० लावले. एक मिनिट चाळीस सेकंद, आणि सुटला.

खरं सांगतो, खूप वाईट वाटलं. तीन आठवडे झाले होते. पण भाचीने माझा फोन घेऊन सहज स्लो मोशनमध्ये पायांचा व्हिडिओ काढला होता, तो बघताना कोपऱ्यात ट्रेनरचे दिवे दिसत होते. ब्लूटूथचा निळा दिवा विझतो ते अपेक्षितच. पण त्याच्याबरोबर पॉवरचा लाल दिवासुद्धा विझतो. अर्धा सेकंद दोन्ही काळे, मग लाल, मग बऱ्याच वेळाने निळा. व्हिडिओ पाच-सहा वेळा मागे-पुढे केला.

सिग्नल गेला तर लाल दिवा का विझेल? म्हणजे कनेक्शन तुटतच नव्हतं, अख्खा ट्रेनर बंद पडून परत चालू होत होता. आपण तीन आठवडे हवेत शोधत होतो आणि गोष्ट वायरीत होती.

५ जुलै, शनिवार

येताना सीसीटीव्हीच्या सामानाच्या दुकानातून डीसीचा वाय स्प्लिटर घेतला, कॅमेऱ्यांना एका अडॅप्टरवरून दोन फाटे काढायला वापरतात तो, ५.५ बाय २.१ ची पिन. एक फाटा ट्रेनरला, दुसऱ्यावर मल्टिमीटर, म्हणजे चालवताना व्होल्टेज बघता येतं. अडॅप्टर नुसता मोजला तर १२.३ दाखवतो आणि आपण म्हणतो ठीक आहे, लोड असताना मोजल्याशिवाय काही कळत नाही.

मी पॅडलवर, भावोजी मीटर धरून आकडे वाचत होते. ६० वॉटला १२. ९० ला ११.६. १४० लावले तर १०.४, १०.१, मग भावोजी म्हणाले "नऊ पॉइंट सात... गेला." लाल दिवा बंद.

इलेक्ट्रोमॅग्नेटच्या ब्रेकचं असंच आहे, जितका जास्त रोध हवा तितका जास्त करंट कॉइलला द्यावा लागतो. अडॅप्टर तेवढा देऊ शकत नसेल तर व्होल्टेज बसतं आणि आतला प्रोसेसर रीसेट होतो. मार्च-एप्रिलमध्ये ५०-६० वॉटवर काही झालं नाही आणि मेपासून सुरू झालं, ते यामुळे.

अडॅप्टर उलटा करून टॉर्चच्या उजेडात लेबल वाचलं. १२ व्होल्ट, १.५ अँपिअर. ट्रेनरच्या मागच्या बाजूला छापलंय १२ व्होल्ट, ५ अँपिअर.

आणि मग तो टीव्हीमागचा मोठा अडॅप्टर आठवला.

टीव्ही युनिट ओढलं. राउटरला लावलेला अडॅप्टर, १२ व्होल्ट, ५ अँपिअर, ट्रेनरच्या कंपनीचा छाप. पिन सारखीच. भावोजी डोक्याला हात लावून खाली बसले, म्हणाले मागच्या दिवाळीआधी रंगकाम झालं तेव्हा सगळ्या वायरी काढून एका पिशवीत भरल्या होत्या आणि लावताना जी पिन जिथे बसली ती लावली. त्यांना म्हटलं, तुमचं काहीच चुकलं नाही, पिन बसते आणि दिवा लागतो, कोणीही असंच लावलं असतं. राउटरला ५ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर त्याला काही होत नाही, तो लागेल तेवढाच करंट ओढतो, म्हणून आठ महिने तिकडून एक तक्रार नाही. तक्रार फक्त इकडून, आणि ती ताईच्या गुडघ्यावर येत होती.

दोन्हींवर आतली पिन प्लस असल्याची खूण बघून घेतली आणि अदलाबदल केली. १४० वॉट, पाच मिनिटं सलग. मीटर ११.९ वरून हललं नाही. २०० लावले, ११.८.

फर्मवेअरचा यात काही संबंध नव्हता. एफटीएमएस मिळालं ते चांगलं झालं, पण अपडेटच्या गडबडीत ताईचा जवळजवळ आठवड्याचा व्यायाम गेला तो मला आजही टोचतोय. १९ तारखेला तिने स्पष्ट सांगितलं होतं की सोपं असताना सुटत नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी. सकाळी भावोजी वडाळ्याला विठ्ठलाच्या देवळात गेले होते, मी साडेआठला पार्ल्यात. ताई ट्रेनरवर बसली, ईआरजी चालू करायला हात थबकला तिचा. म्हटलं आधी १०० वर लाव, मग ११०, घाबरू नकोस, मी दिव्यांकडे बघतोय. चौथ्या मिनिटाला तिने स्वतःच १४० केलं.

४० मिनिटं, त्यात १४० चे चार तुकडे. पूर्ण सुटणं शून्य, वॉटचा खड्डा एक, तोही एका सेकंदाचा. भाचीने मधेच खिचडी गरम करायला मायक्रोवेव्ह लावला तेव्हा मुद्दाम रेघेकडे बघत होतो, तोही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो, पण काही फरक नाही पडला.

जायच्या आधी दोन्ही अडॅप्टरवर पांढरी टेप लावून मार्करने लिहिलं, एकावर ट्रेनर, एकावर राउटर, आणि तेच दोन्ही प्लगच्या टोकांवर सुद्धा. गॅलरीत पावसाळ्यात दमट होतं, डीसीच्या पिनवर हिरवट डाग दिसायला लागलेत, ते पुसून घेतले, दर पंधरा दिवसांनी बघायचं. ट्रेनरवर चालवून झाल्यावर घाम पुसायला जुनं धोतराचं फडकं लावून ठेवलंय हँडलला.

९ जुलै, बुधवार

ताईचा मेसेज रात्री ९ वाजता: "फिजिओने १५० सांगितलं. चार केले. एकदाही झटका नाही. उद्या सुजला नाही तर शनिवारी पाच करणार."